काटेसाहेबांचे दोन पेग

“रोज किती घेता?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“दोन,” काटेसाहेब म्हणाले. “दोनच.”

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापे कार्यालयात ते निरीक्षक होते आणि गेली बावीस वर्षं शहरातल्या प्रत्येक दुकानाचा तराजू, प्रत्येक लिटरचं माप त्यांच्या हाताखालून गेलं होतं. ते बाजारात शिरले की दुकानदार एकमेकांना “काटा आला, काटा आला” म्हणून सावध करायचे. पुढे त्याचंच काटेसाहेब झालं आणि घरच्यांनीही ते उचललं. किलोला पाच ग्रॅम कमी असले तर यांना नुसत्या नजरेने कळतं, अशी ख्याती होती. ती त्यांनी स्वतःच पसरवली होती हे खरं, पण खोटी नव्हती.

शेजारच्या खुर्चीत त्यांची ताई बसली होती. शाळेची बस चालवण्यात तिची तीस वर्षं गेली. आवाज असा की मागच्या बाकावरचं पोर एका हाकेत गप्प बसावं. आता डोळे पिवळे पडले होते, पायांवर सूज होती आणि पोटात साठणारं पाणी दर पंधरा दिवसांनी काढावं लागत होतं. तिचं लिव्हर निकामी होत चाललं होतं. दारूमुळे नव्हे. शरीर आपलं आपल्याच लिव्हरवर उठतं, असा काहीतरी तो आजार होता.

“गंमत बघा डॉक्टर,” ताई म्हणाली, “आयुष्यात थेंब घेतला नाही ती मी अशी, आणि हा रोज संध्याकाळी बाटली घेऊन बसणारा मला लिव्हर देणार. देवाच्या दरबारात फाइल बदलली बहुतेक.”

डॉक्टरबाई हसल्या, पण अर्धवटच. लिव्हरचा एक भाग काढून दुसऱ्याला देता येतो, देणाऱ्याचं पुन्हा वाढतं, हे त्यांनी आधीच समजावलं होतं. घरात रक्तगट जुळणारे दोघंच निघाले होते. एक काटेसाहेब आणि दुसरी ताईची एकुलती एक मुलगी. भाची बावीस वर्षांची, तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. ती एका पायावर तयार होती. पण ताईने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की पोरीच्या पोटावर सुरी चालवून मला जगायचं नाही, तिचं नाव काढाल तर मी दवाखान्याची पायरी चढणार नाही. ताई बोलली ते बोलली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे उरले एकटे काटेसाहेब.

“तुमच्या लिव्हरवर चरबी दिसतेय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “फार नाही, पण अशा स्थितीत मी कापणार नाही. सहा आठवडे एक थेंबही नको. रोज तासभर चालायचं. मग परत तपासू. आणि नीट ऐका. दोन पेगच असतील तर आजपासून एकदम बंद केलीत तरी काही होणार नाही. जास्त असतील तर आत्ता सांगा. जास्त पिणाऱ्याने एका झटक्यात सोडली तर हात कापतात, भास होतात, फिट येऊ शकते. जिवावर बेततं. अशांना औषधं देऊन, जवळ ठेवून सोडवावी लागते.”

“छे छे,” काटेसाहेब म्हणाले. “मोजूनमापून असतं आमचं.”

यात ते खोटं बोलत होते का? अजिबात नाही, आणि खरी आफत तीच होती. संध्याकाळी कामावरून आलं की ते हातपाय धुवायचे, खिडकीशी बसायचे आणि एक ग्लास भरायचे. तो संपला की दुसरा. दुसरा संपला की बाटलीला बूच लावण्याआधी तळ ओला होण्यापुरतं थोडंसं. त्याला ते ‘वरचं’ म्हणायचे. दुकानदार माप भरून झाल्यावर गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून वर जरा घालतो ना, तसं. ते वरचं हिशोबात धरायचं नसतं, असा बाजाराचा रिवाज, आणि काटेसाहेबांनी आजवर एकाही दुकानदाराला त्याबद्दल टोकलं नव्हतं. जास्त दिल्याचा गुन्हा कसा असेल?

त्याच दिवशी, सोमवारी संध्याकाळी त्यांनी बाटली बायकोच्या देखत मोरीत ओतली. बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. दिवसभर बारीक काम करून तिला फार बोलायची सवय राहिली नव्हती. ती फक्त म्हणाली, “बरं झालं.” मग म्हणाली, “जमेल ना?”

“न जमायला काय झालं? दोन तर होते.”

पहिली रात्र कूस बदलण्यात गेली. मंगळवारी कपाळावर घाम येत राहिला. ताप असेल म्हणून त्यांनी दोनदा काखेत थर्मामीटर लावला आणि दोन्हीदा तो नॉर्मल निघाला. बुधवारी सकाळी दाढी करताना गालावर तीन ठिकाणी कापलं. काटेसाहेबांना स्वतःचाच राग आला. दोन पेग सोडता येत नाहीत तुला? एवढा लेचापेचा झालास? बहिणीचा जीव टांगणीला लागलाय आणि तू काय लहान मुलासारखा थरथरतोयस? आणि ते दात-ओठ खात कामावर गेले.

कार्यालयातल्या तपासणीच्या खोलीत पंखा लावायची मनाई होती, कारण वाऱ्याने नाजूक काटे हलतात. बारीक वजनांना बोट लावायचं नाही, बोटाचा घामसुद्धा वजनात भर घालतो, म्हणून ती चिमट्याने उचलायची. हे नियम काटेसाहेबांनी किती नव्या माणसांना घोटवून घेतले होते. त्या सकाळी एका सोनाराचा काटा तपासणीला आला होता. त्यांनी चिमट्यात सगळ्यात छोटं वजन धरलं. नखाएवढा पत्रा तो. चिमट्याचं टोक हवेतच थडथडायला लागलं. वजन सुटलं आणि फरशीवर कुठेतरी गेलं.

शेजारच्या टेबलावर शिक्केबाई बसायच्या. पास झालेल्या वजनांवर आणि मापांवर शिक्का ठोकणं हे त्यांचं काम. अकरा वर्षांत त्यांनी काटेसाहेबांच्या हातून कधी काही पडलेलं पाहिलं नव्हतं. त्या गुडघ्यांवर बसून वजन शोधू लागल्या आणि खालूनच म्हणाल्या, “साहेब, बरं नाही का तुम्हाला? घरी जा. सोनार उद्या येईल.”

“झोप झाली नाही,” काटेसाहेब म्हणाले. “पुढचं काय आहे ते घ्या. मोठं काहीतरी घ्या.”

पुढचा होता एक बारवाला. दरवर्षीप्रमाणे तो आपली पेगची मापं शिक्क्याला घेऊन आला होता. एका ओळीत ठेवलेली स्टीलची बारा मापं, तीस मिलीलिटरची. यात नाजूक काही नव्हतं. माप पाण्याने भरायचं, ते काचेच्या मापनळीत ओतायचं, रेघ बघायची, संपलं. शिक्केबाई सोनाराच्या काट्याला कापड गुंडाळत दुसऱ्या खोलीत गेल्या. काटेसाहेबांनी पहिलं माप उचललं, थोडं सांडलं, पुन्हा भरलं.

आणि त्यांची नजर त्या मापावर खिळली.

एवढंसं? अंगठ्याच्या पेराएवढं? अशी हजारो मापं त्यांनी आजवर पास केली होती. एक पेग म्हणजे किती हे सरकारने पत्र्यात घडवून त्यांच्या हातात दिलं होतं आणि दरवर्षी देत होतं. पण हा झाला सरकारी पेग. घरचा तो घरचा. या दोघांची गाठ घालून बघावी असं बावीस वर्षांत एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं. जगात कोणीही म्हणालं असतं की “साहेब, मी डोळ्याने मोजतो, हाताला सवय आहे,” तर त्यांनी त्याचं माप तिथल्या तिथे जप्त केलं असतं.

“जरा बाहेर बसा,” ते बारवाल्याला म्हणाले.

टेबलावर त्यांचा पाण्याचा ग्लास होता. घरच्या सहाच्या सेटमधलाच, बायकोने दिलेला. त्यांनी डोळे मिटले. खिडकी आठवली, संध्याकाळ आठवली, आणि बाटलीतून ओततात तसं जगमधून रोजच्या हाताने पाणी ओतलं. मनगट आपोआप थांबलं तिथे थांबले. मग ते ग्लासातलं पाणी बारवाल्याच्या मापात भरून बादलीत टाकत गेले. एक माप. दोन. तीन. चौथंही जवळजवळ भरलं. त्यांनी दुसरा ग्लास भरला. तोही चार मापं. मग ते वरचं. ते एका मापातून ओसंडून हातावर आलं.

खात्री करावी म्हणून त्यांनी सगळं पुन्हा एकदा केलं, या वेळी मापनळीत. दोनशे सत्तर मिलीलिटर. नऊ पेग.

रोज नऊ. आणि डॉक्टरांना सांगून आले होते दोनच. ताईच्या देखत.

दारातून बारवाल्याने डोकं आत घातलं. “साहेब, काही कमी भरतंय का हो?”

“नाही,” काटेसाहेब म्हणाले. “तुमची बरोबर आहेत.”

आता त्यांना कळलं की हा ताप नव्हता आणि लेचेपेचेपणाही नव्हता. डॉक्टरबाई ज्याबद्दल बजावत होत्या तेच अंगात सुरू झालं होतं आणि आज तिसरा दिवस होता. फोन करून खरं सांगायचं? सांगितलं की त्या नाव कापणार. नऊ पेगवाल्याचं लिव्हर कोण कुणाला लावेल? नाव कापलं की ताईला देणारी एकच उरते, आणि तिचं ताई घेणार नाही. की गप्प बसायचं? दोन दिवस दातावर दात धरून काढले की विष उतरेल, सहा आठवड्यांनी रक्त चांगलं येईल, कोणाला काही कळायचं कारण नाही. फिट काय सगळ्यांनाच येते थोडीच? त्यांनी गप्प बसायचं ठरवलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते घरी निघाले.

बसस्टॉपपर्यंतच्या पाच मिनिटांत ते दोनदा भिंतीला धरून थांबले. वाटेतल्या दारूच्या दुकानासमोर पाय आपोआप मंदावले. एक घोट घेतला की हात थांबतील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि तो एक घोट सहा आठवड्यांनी रक्तात सापडेल की नाही, याचा विचारही त्यांनी केला. आपण हा विचार करतोय याची त्यांना इतकी लाज वाटली की ते जवळजवळ धावत सुटले.

त्या दिवशी बायकोचं दुकान बंद होतं, म्हणून ती घरीच होती. तिने दार उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता पाणी आणलं. काटेसाहेब टेबलाशी बसले. थोड्या वेळाने ते टेबलक्लॉथवर बोटाने काहीतरी चिरडू लागले.

“केवढ्या मुंग्या झाल्यात गं. साखर सांडलीस का?”

“कुठे?”

“या काय इथे. रांगच्या रांग आहे.”

बायकोने टेबलाकडे पाहिलं. आयुष्यभर काचेवरचा केसाएवढा ओरखडा शोधणारे तिचे डोळे. टेबलावर काहीही नव्हतं.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “तिथे मुंग्या नाहीत.”

काटेसाहेबांनी बोट मागे घेतलं. त्यांना मुंग्या अजून दिसत होत्या. त्या मनगटावर चढत होत्या. भीती काय असते ते त्यांना तेव्हा खऱ्या अर्थाने कळलं, आणि त्यांच्या तोंडून सगळं भडाभडा बाहेर पडलं. बारवाला, मापं, ग्लास, नऊ.

बायकोने ऐकून घेतलं. “मी कधी मोजले नाहीत,” ती म्हणाली. “या घरात मोजायचं काम तुमचं, असंच धरून चालले होते. माझंही चुकलंच.” मग तिने फोन उचलला.

“नको. नाव कापतील माझं.”

“कापू देत.”

“ताई मरेल!”

“आणि तुम्ही आत्ता या टेबलावर गेलात तर ताईंना काय देणार आहात?” तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. तिने नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात कोंबला. “तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ती चुगली होईल.”

फोन कानाशी नीट धरवत नव्हता. तिने तो त्यांच्या हातावर हात ठेवून धरला.

“डॉक्टर,” काटेसाहेब म्हणाले, “ते दोन नव्हते. नऊ होते.”

पुढचे पाच दिवस ते दवाखान्यात होते. त्यातले पहिले दोन त्यांना धड आठवतही नाहीत. तिसऱ्या दिवशी डोकं ठिकाणावर आलं तेव्हा डॉक्टरबाई पलंगाशी उभ्या होत्या आणि त्या संतापलेल्या होत्या.

“माझ्या सांगण्यावरून तुम्ही एकदम सोडलीत,” त्या म्हणाल्या. “अजून एक दिवस गप्प बसला असतात तर माझ्याच सल्ल्याने मेला असतात. कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय.”

“देणाऱ्यांच्या यादीतून तुमचं नाव काढलंय.”

काटेसाहेबांनी मान हलवली.

“तीन महिने पूर्ण कोरडे राहिलात, दर आठवड्याला रक्त दिलंत आणि ते चांगलं आलं, तर सुईने लिव्हरचा तुकडा काढून बघू. तेव्हाही ‘नाही’ निघू शकतं. आणि तुमच्या ताई तीन महिने थांबू शकतील, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. काल त्यांची मुलगी येऊन फॉर्म भरून गेली.”

दवाखान्यातून सुटल्यावर काटेसाहेब आधी घरी गेले नाहीत. ते ताईकडे गेले. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत पाय स्टुलावर ठेवून बसली होती आणि भाची तिच्या पायाला मलम लावत होती. त्यांना पाहून भाची उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

“बस,” ताई म्हणाली. “ऐकलंय मी सगळं. पण तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, “मुद्दाम खोटं नाही बोललो गं. मला खरंच दोन वाटायचे.”

“त्याचाच तर राग येतोय मला!” ताई कडाडली आणि तेवढ्यानेच तिला धाप लागली. “मुद्दाम बोलला असतास तर निदान तुला तरी खरं माहीत असतं. दुकानदारांची गचांडी धरत फिरलास जन्मभर. स्वतःच्या ग्लासात एकदा डोकावला नाहीस. मी तुझ्या भरवशावर बसले होते, छोट्या. फसवलंस मला.”

काटेसाहेब रडले. पंचेचाळिशी उलटलेला, जाड भिंगांचा चष्मा लावणारा माणूस, बहिणीच्या समोर हुंदके देऊन रडला. तिने त्यांना रडू दिलं. डोक्यावरून हात वगैरे काही फिरवला नाही.

“आई, आता माझं होऊ दे,” भाची म्हणाली. “मामाचं काही खरं नाही.”

“तू तोंड उघडायचं नाही.” ताई भावाकडे वळली. “तीन महिने ना? मी थांबते.”

“आई!”

“थांबते म्हणाले ना. तो फॉर्म उद्या मागे घे. नाहीतर मी लेखी देते की मुलीचं घेणार नाही.” आणि भावाला म्हणाली, “हे तुला माफ केलं म्हणून नाही. मला तुझ्याशिवाय दुसरं कोणी नाही म्हणून.”

जिन्यात भाचीने त्यांना गाठलं. “मामा, आईला या तीन महिन्यांत काही झालं तर मी तुमचं तोंड बघणार नाही. लक्षात ठेवा.”

त्यांनी लक्षात ठेवलं. दुसरं काही लक्षात ठेवायला जागाच उरली नव्हती. ते सकाळी चालायचे, संध्याकाळीही चालायचे, कारण खिडकीशी बसायची वेळ घरात काढणं अशक्य व्हायचं. दर शुक्रवारी बाही वर करून रक्त द्यायचे. गोळ्यांनी तोंड कडू व्हायचं. वजन उतरलं, हात स्थिर झाला, शिक्केबाई एकदा म्हणाल्यासुद्धा की साहेब आता काटा तुमच्यापेक्षा जास्त हलतो. पण तिकडे ताई दिवसेंदिवस वाळत चालली होती. पाणी आता दर आठवड्याला काढावं लागत होतं. बोलता बोलता तिला शब्द आठवेनासे व्हायचे. आपण चांगले होत चाललोय आणि ती जात चाललीय, आणि या दोन्हीतलं आधी काय पुरं होतंय, एवढाच प्रश्न होता.

दहाव्या आठवड्यात, दुपारी दोनच्या सुमाराला, ताईला रक्ताची उलटी झाली. काटेसाहेब कामावरून तसेच पळत दवाखान्यात आले. तिला आत नेलं होतं. बाहेरच्या बाकावर भाची एकटीच बसली होती आणि तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. जिन्यातल्या त्या बोलण्यानंतर ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. रस्त्याच्या पलीकडे एक बार होता, दार अर्धं उघडं, आत एक माणूस टेबल पुसत होता. काटेसाहेबांच्या जिभेखाली पाणी सुटलं. ताई गेलीच तर आता कुणासाठी कोरडं राहायचं? आणि राहिलीच तर एका ग्लासाने काय बिघडतं? दोन्ही बाजूंनी उत्तर एकच येत होतं. त्यांचा एक पाय जिन्याकडे वळला होता.

ते मागे फिरले आणि भाचीसमोर जाऊन उभे राहिले.

“माझा हात धर,” ते म्हणाले. “मला आत्ता प्यावीशी वाटतेय. फार वाटतेय. मला इथून जाऊ देऊ नकोस.”

भाचीने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग होता तो तसाच होता. पण तिने त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना शेजारी खाली ओढलं. पोहणारीची पकड ती. दोन तास तिने ती सैल केली नाही. साडेपाचला नर्स बाहेर येऊन म्हणाली की रक्त थांबलंय.

बाराव्या आठवड्याच्या शेवटी डॉक्टरबाईंनी सुई घालून तुकडा काढला. निकालाला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत काटेसाहेब जेवले असतील तर बायकोने भरवलं म्हणून. चौथ्या दिवशी त्यांना बोलावणं आलं. डॉक्टरबाईंनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “घेता येईल. सोमवारी करू. आणखी थांबायला त्यांच्याकडे वेळ नाही.”

रविवारी दुपारी दोघांनाही भरती करून घेतलं. काटेसाहेब हिरवा गाऊन घालून ताईच्या खोलीत गेले. ती उशीला टेकून बसली होती. हळदीसारखी पिवळी, पण त्या दिवशी डोकं साफ होतं. भाची खाली कागदांवर सह्या करायला गेली होती.

“ये,” ताई म्हणाली. “किती कापणार आहेत तुझं?”

“अर्ध्याहून जरा जास्त. उरलेलं वाढतं म्हणे दोन-तीन महिन्यांत.”

“हं.” तिने पाठीमागची उशी सावरली. “छोट्या, माझ्याकडे येणार आहे त्या अर्ध्याची मला काळजी नाही. मी त्याला दारू दाखवणारसुद्धा नाही. ते सुटलं. पण तुझ्या पोटात उरणाऱ्याचं काय?”

या प्रश्नाची काटेसाहेबांनी तयारीच केली नव्हती. तीन महिने त्यांनी एकेक दिवस ढकलला होता तो सोमवारपर्यंत पोचण्यासाठी, आणि सोमवारनंतरही दिवस असतात, रोज संध्याकाळ होते, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते लिव्हर त्यांनी ताईचं म्हणून सांभाळलं होतं. स्वतःचं म्हणून सांभाळायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

“सांग ना,” ताई म्हणाली.

“कधीच घेणार नाही,” हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले होते. ते ऐकून ताई उद्या शांतपणे आत गेली असती. त्यांनी ते गिळले.

“मला भीती वाटते, ताई,” ते म्हणाले. “तू बरी झालीस की मला थांबवायला काही उरणार नाही, याची भीती वाटते.”

ताईने सुजलेला हात पुढे केला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिने त्यांना हात लावला.

“मग मला बरं व्हायलाच पाहिजे,” ती म्हणाली. “रोज संध्याकाळी सहा वाजता माझ्याकडे यायचं. घेतलेली असली तरी यायचं. आणि किती घेतलीस ते मला सांगायचं.”